वचन कोणाचे, दाद कोणाकडे? : अल्पसंख्याकांच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय कायदा किंवा मानवी हक्क या विषयांच्या पाठ्यपुस्तकांत अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा इतिहास साधारणपणे असा सांगितला जातो: पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने अल्पसंख्याक करारांचा प्रयोग केला आणि तो फसला. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी गटांच्या हक्कांऐवजी व्यक्तीच्या मानवी हक्कांचा मार्ग स्वीकारला आणि जग एक पाऊल पुढे गेले. परीक्षेत लिहिण्यास ही मांडणी सोयीची आहे. परंतु मूळ करारांची कलमे समोर ठेवून वाचली, तर ती पूर्णपणे पटत नाही.

या टिपणात आपण प्रत्येक दस्तऐवजाला तीन साधे प्रश्न विचारणार आहोत. पहिला, हे वचन कोणावर बंधनकारक होते? दुसरा, वचन नेमके कशाचे होते? आणि तिसरा, वचन मोडले तर दाद मागण्याचा अधिकार कोणाला होता? विद्यार्थ्यांचे लक्ष बहुधा दुसऱ्या प्रश्नावरच राहते. प्रत्यक्षात संरक्षण मिळाले की नाही, हे मात्र बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरले आहे, असे येथे दाखवायचे आहे.

१. धर्माकडून राष्ट्रीयत्वाकडे

युरोपातील आरंभीचे संरक्षण धार्मिक होते. १५५५ च्या ऑग्सबुर्गच्या तहाने जर्मन प्रदेशांत राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म हे तत्त्व मान्य केले आणि ज्यांना ते मान्य नसेल त्यांना प्रदेश सोडून जाण्याची मुभा दिली. आज आपल्याला ही मुभा कठोर वाटेल, परंतु त्या काळी तीही सवलतच होती. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने १६२४ हे प्रमाण वर्ष ठरवले. त्या वर्षी ज्यांना जी उपासना करता येत होती, ती पुढेही चालू ठेवता यावी, असा त्यामागील विचार होता.

पुढे साम्राज्ये आक्रसू लागली, तशी या कलमांना राजकीय धार आली. १७७४ च्या कुचुक कायनार्जाच्या तहातील शब्दांचा आधार घेऊन रशियाने ऑटोमन साम्राज्यातील ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा कैवार घेण्याचा दावा केला. येथे एक धडा लवकर मिळाला होता: दुसऱ्या देशातील अल्पसंख्याकांचा कैवार हे हस्तक्षेपाचे निमित्तही ठरू शकते.

१८७८ च्या बर्लिन परिषदेत दुसरा धडा मिळाला. रुमानियाला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देताना, धर्माच्या कारणावरून कोणालाही नागरी व राजकीय हक्क नाकारू नयेत, अशी अट कलम ४४ मध्ये घातली होती. रुमानियाने १८७९ मध्ये राज्यघटना बदलली खरी, परंतु तेथील बहुसंख्य ज्यूंना परकीय ठरवून प्रत्येकाच्या नागरिकत्वासाठी स्वतंत्रपणे संसदेची मंजुरी आवश्यक केली. कलम कागदावर पाळले गेले आणि ज्यू मात्र बाहेरच राहिले. बड्या सत्तांनी अट घातली होती, पण ती मोडल्यास कोणी, कोठे, काय करायचे याची तरतूदच नव्हती.

२. १९१९ : पोलंडचा अल्पसंख्याक करार

व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी, म्हणजे २८ जून १९१९ रोजी, पोलंडने मित्रराष्ट्रांबरोबर एक स्वतंत्र अल्पसंख्याक करार केला. पुढील बहुतेक करारांसाठी तोच नमुना ठरला. त्याच्या पहिल्या प्रकरणात बारा कलमे आहेत आणि त्यांची रचना विचारपूर्वक केलेली दिसते.

प्रथम सर्व रहिवाशांच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण येते. त्यानंतरची कलमे नागरिकत्व कोणाला मिळेल हे ठरवतात. रुमानियाने काढलेली पळवाट बुजवण्याचा हा प्रयत्न होता. मग कायद्यापुढील समानता आणि स्वभाषेचा वापर येतो. कलम ८ नुसार अल्पसंख्याकांना स्वखर्चाने धर्मादाय, धार्मिक व शैक्षणिक संस्था चालवता येतात. कलम ९ आणखी पुढे जाते. ज्या गावांत व जिल्ह्यांत एखाद्या भाषक अल्पसंख्याकांचे प्रमाण लक्षणीय आहे, तेथे प्राथमिक शिक्षण त्यांच्या भाषेतून देण्याची सोय सरकारने करायची आहे आणि शिक्षण, धर्म व धर्मादाय कामांवरील सार्वजनिक खर्चात त्यांना न्याय्य वाटा मिळायचा आहे. ज्यूंसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, निवडणुका ठेवू नयेत, असेही त्यांत आहे.

कलम १२ मध्ये हमी आहे. या तरतुदी आंतरराष्ट्रीय चिंतेचा विषय आहेत, त्या राष्ट्रसंघाच्या हमीखाली आहेत आणि संघाच्या परिषदेच्या बहुमताशिवाय त्यांत बदल करता येणार नाही. वाद झाल्यास तो स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेता येईल. एखाद्या देशाने आपल्याच नागरिकांना कसे वागवावे, यावर अशी कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय देखरेख पूर्वी नव्हती.

आता पहिला प्रश्न विचारू. बांधील कोण होते? पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया, ग्रीस ही नवी किंवा विस्तारलेली राष्ट्रे; ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया, तुर्कस्तान हे पराभूत; आणि पुढे राष्ट्रसंघात येताना घोषणा करणारे अल्बानिया व बाल्टिक देश. इटलीला जर्मनभाषक दक्षिण टायरॉल मिळाले, परंतु इटलीवर असे कोणतेही बंधन आले नाही. फ्रान्स व ब्रिटनवरही आले नाही. खुद्द जर्मनीवर केवळ अपर सायलेशियापुरते बंधन होते, तेही १९२२ च्या जिनिव्हा करारामुळे आणि पंधराच वर्षांसाठी.

हा योगायोग नव्हता. त्याच शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समानतेचे तत्त्व घालण्याची सूचना केली होती. एप्रिल १९१९ मध्ये आयोगातील सतरापैकी अकरा मते तिच्या बाजूने पडली. तरीही एकमत नाही, असे सांगून अध्यक्षस्थानी असलेल्या वुड्रो विल्सन यांनी ती बाजूला ठेवली. दुसऱ्यांसाठी जे आवश्यक, ते स्वतःसाठी नको, ही भूमिका या व्यवस्थेच्या पायातच होती.

३. दाद मागायची कोणी?

तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. करारानुसार उल्लंघनाकडे लक्ष वेधण्याचा अधिकार परिषदेच्या सदस्य राष्ट्रांना होता. अल्पसंख्याकांना तो नव्हता. त्यांना अर्ज करता येत असे, परंतु तो केवळ माहिती म्हणून स्वीकारला जाई. १९२३ मध्ये ठरलेल्या अटींनुसार अर्ज निनावी नसावा, त्यात जहाल भाषा नसावी आणि मूळ राष्ट्रापासून फुटून निघण्याची मागणी नसावी. अर्ज ग्राह्य ठरला की तो संबंधित सरकारकडे अभिप्रायासाठी जाई आणि मग परिषदेच्या तीन सदस्यांची समिती बंद दाराआड त्याचा विचार करी. ज्याने तक्रार केली, तो या प्रक्रियेत पक्षकार नव्हता. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, ते सरकार मात्र प्रत्येक टप्प्यावर बोलू शकत होते.

४. दोन प्रकरणे

या व्यवस्थेची ताकद आणि मर्यादा समजण्यासाठी दोन प्रकरणे पाहू.

पहिले बर्नहाइम अर्जाचे. फ्रान्झ बर्नहाइम हा ज्यू तरुण अपर सायलेशियातील ग्लायविट्झ येथे एका मोठ्या दुकानात नोकरीला होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर ज्यू कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले, त्यात त्याचीही नोकरी गेली. त्या वर्षी मे महिन्यात त्याने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. एरवी हा अर्ज तिघांच्या समितीत अडकला असता. परंतु १९२२ च्या जिनिव्हा कराराच्या कलम १४७ ने या एका प्रदेशापुरता अल्पसंख्याक व्यक्तींना परिषदेकडे थेट जाण्याचा हक्क दिला होता. त्यामुळे ज्यूविरोधी कायद्यांची चर्चा परिषदेत उघडपणे झाली. कनिष्ठ अधिकाऱ्यांकडून चूक झाली, असा बचाव जर्मनीला करावा लागला. परिषदेने जूनमध्ये अर्जदाराच्या बाजूने अहवाल स्वीकारला. परिणामी, उर्वरित जर्मनीत लागू असलेले ज्यूविरोधी कायदे अपर सायलेशियात जुलै १९३७ पर्यंत, म्हणजे कराराची मुदत संपेपर्यंत, लागू झाले नाहीत. मुदत संपताच ते लागू झाले.

या प्रकरणाचे मोल नीट लक्षात घ्या. तोच देश, तेच सरकार आणि तोच काळ. फरक एवढाच की एका प्रदेशात आंतरराष्ट्रीय बंधन होते आणि सामान्य माणसाला थेट दाद मागता येत होती. बर्लिनमधील ज्यूंना यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते.

दुसरे प्रकरण अल्बानियातील शाळांचे. १९३३ मध्ये अल्बानियाने घटनादुरुस्ती करून सर्व खासगी शाळा बंद केल्या. त्यात ग्रीक अल्पसंख्याकांच्या शाळाही गेल्या. सरकारचे म्हणणे असे की, बंदी सर्वांना सारखी आहे, मग भेदभाव कुठे आहे? एप्रिल १९३५ मध्ये स्थायी न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी हा युक्तिवाद अमान्य केला. बहुसंख्याकांच्या गरजा सरकारी शाळा भागवतात. अल्पसंख्याकांची भाषा व धर्म जपणारी शाळाच बंद झाली, तर त्यांच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून कायद्यातील समानतेबरोबर वस्तुस्थितीतील समानता हवी, हा विचार न्यायालयाने स्पष्टपणे मांडला. सारखी वागणूक आणि समान वागणूक यांत फरक आहे, हे आज आपण सहज म्हणतो. आंतरराष्ट्रीय न्यायनिर्णयात त्याची मुळे येथे सापडतात.

५. नेमके काय फसले?

१३ सप्टेंबर १९३४ रोजी पोलंडचे परराष्ट्रमंत्री योझेफ बेक यांनी राष्ट्रसंघाच्या सभेत जाहीर केले की, सर्व राष्ट्रांना सारखी लागू होणारी व्यवस्था येईपर्यंत पोलंड या देखरेखीस सहकार्य करणार नाही. त्यांचा हेतू उदात्त होता असे मानण्याचे कारण नाही. तरीही त्यांनी बोट ठेवले ते खऱ्याच दोषावर. जे नियम इटलीला नाहीत, ते पोलंडला का? या प्रश्नाला उत्तर नव्हते.

व्यवस्थेवर दुसरा घाव जर्मनीने घातला. चेकोस्लोव्हाकियातील जर्मनभाषकांच्या तक्रारींचे भांडवल करून हिटलरने १९३८ मध्ये म्युनिक येथे सुडेटन प्रदेश मिळवला. त्यानंतर गटांना हक्क दिले की देश फुटतात, हा समज दृढ झाला. परंतु म्युनिकचा निर्णय राष्ट्रसंघाच्या अर्जपद्धतीतून आला नव्हता. तो चार सत्तांनी त्या व्यवस्थेबाहेर, चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत न बसवता घेतला होता. त्याचा दोष अल्पसंख्याकांच्या शाळांवर टाकणे न्याय्य नाही. निदान असे म्हणता येईल: रोग होता विषम बंधनाचा आणि पक्षकार म्हणून स्थान न मिळण्याचा. पुढे जो उपचार झाला, त्यात मात्र हमीच काढून टाकली गेली.

६. १९४५ नंतरचे मौन

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत अल्पसंख्याक हा शब्द नाही. वंश, लिंग, भाषा व धर्म यांवरून भेद न करता सर्वांना मानवी हक्क, असे तिचे सूत्र आहे. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही अल्पसंख्याकांवर स्वतंत्र कलम नाही. त्याच दिवशी महासभेने एक वेगळा ठराव केला. अल्पसंख्याकांच्या भवितव्याबाबत संयुक्त राष्ट्रे उदासीन राहू शकत नाहीत, परंतु सर्व देशांना लागू पडेल असा एकच तोडगा काढणे कठीण आहे, असा त्याचा आशय होता.

आदल्या दिवशी वंशसंहारविरोधी करार संमत झाला होता. ही संज्ञा घडवणाऱ्या राफाएल लेमकिन यांच्या कल्पनेत एखाद्या गटाची भाषा, धर्म व संस्था नष्ट करणे हाही या गुन्ह्याचा भाग होता. मसुद्यातील सांस्कृतिक संहाराचे कलम मात्र महासभेच्या समितीत मतदानाने वगळले गेले. गटाचे शारीरिक अस्तित्व सुरक्षित झाले, त्याची शाळा झाली नाही. १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने जुन्या अल्पसंख्याक बंधनांचा अभ्यास करून ती व्यवस्था एकंदरीत संपुष्टात आल्याचा निष्कर्ष काढला.

७. कलम २७ चे बारकाईने वाचन

१९६६ मध्ये स्वीकारलेल्या व १९७६ पासून अमलात आलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम २७ हे आजही अल्पसंख्याकांबाबतचे मुख्य बंधनकारक जागतिक कलम आहे. त्याचा आशय असा: ज्या राज्यांत वांशिक, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक अस्तित्वात आहेत, तेथे त्यांतील व्यक्तींना, गटातील इतरांसह, आपली संस्कृती उपभोगण्याचा, आपला धर्म पाळण्याचा व आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारला जाणार नाही.

पोलंडच्या कराराशेजारी ठेवून हे वाचा. चार गोष्टी लक्षात येतील.

पहिली, आरंभीची अट. अल्पसंख्याक जेथे अस्तित्वात आहेत तेथे, या शब्दांमुळे आमच्याकडे अल्पसंख्याकच नाहीत, असे म्हणण्यास वाव राहतो. फ्रान्सने आपल्या राज्यघटनेचा आधार देऊन हे कलम आपल्याला लागू नाही, अशी भूमिका अधिकृतपणे नोंदवली आहे.

दुसरी, क्रियापद. सरकारने सोय करावी असे नाही, तर हक्क नाकारू नये एवढेच. १९१९ मध्ये वर्ग व खर्चातील वाटा मागता येत होता. येथे सरकारने आड न येणे, एवढीच मागणी शब्दांतून निघते.

तिसरी, हक्कधारक. हक्क व्यक्तीचा आहे, गटाचा नाही. चौथी, गळलेला शब्द. राष्ट्रीय अल्पसंख्याक ही संज्ञा येथे नाही.

एवढे असूनही, कलम २७ मध्ये अशी एक गोष्ट आहे जी १९१९ मध्ये नव्हती. ते करार मान्य करणाऱ्या सर्व राष्ट्रांना सारखे लागू आहे आणि ज्या देशांनी ऐच्छिक पूरक करार स्वीकारला आहे, तेथील व्यक्तीला मानवी हक्क समितीकडे स्वतः तक्रार करता येते. याचे मोल सँड्रा लव्हलेस प्रकरणात दिसते. कॅनडातील मालिसीट समाजाच्या या स्त्रीने समाजाबाहेरील पुरुषाशी विवाह केल्यामुळे तेथील कायद्याने तिचा आदिवासी दर्जा काढून घेतला. पुरुषाने असा विवाह केला असता, तर त्याचा दर्जा गेला नसता. विवाह मोडल्यावर तिला आपल्या राखीव वस्तीत परतण्याचा हक्क राहिला नाही. १९८१ मध्ये समितीने कलम २७ चा भंग झाल्याचे मत दिले आणि १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. राष्ट्रसंघाच्या पद्धतीत अशा स्त्रीला स्थानच नव्हते. तिच्याविरुद्धचा नियम गटाच्या सदस्यत्वाबाबतचाच होता. गटाला हक्क दिले तरी गटाच्या आतील दुर्बलाचे काय, या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीच्या हक्कातूनच मिळते. म्हणून व्यक्तिकेंद्री मार्ग सरसकट चुकीचा ठरवता येत नाही.

मानवी हक्क समितीने १९९४ च्या आपल्या सर्वसाधारण भाष्यात कलमाच्या उणिवा बऱ्याच अंशी भरून काढल्या. अल्पसंख्याक आहेत की नाहीत हे सरकारच्या मर्जीवर अवलंबून नाही, सरकारने सकारात्मक उपायही योजावेत आणि संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही, असे तिने म्हटले. तरीही भाष्य म्हणजे करार नव्हे, ही मर्यादा राहतेच. १९९२ चा अल्पसंख्याकांच्या हक्कांचा जाहीरनामा राष्ट्रीय हा शब्द परत आणतो, परंतु तो बंधनकारक नाही. युरोप परिषदेचा १९९५ चा चौकट करार बंधनकारक आहे, पण त्याखाली व्यक्तीला तक्रार करता येत नाही. सरकारे अहवाल देतात आणि त्यांवर चर्चा होते. एका ठिकाणी व्यापक वचन, तर दुसऱ्या ठिकाणी दाद मागण्याची सोय. दोन्ही एकत्र क्वचितच सापडतात.

८. भारताच्या संदर्भात

हे तीन प्रश्न आपल्या देशालाही विचारता येतात. ८ एप्रिल १९५० चा नेहरू–लियाकत करार हा दोन शेजारी देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांबाबत परस्परांना दिलेल्या वचनाचा दस्तऐवज आहे. येथे बंधन दोन्ही बाजूंना सारखे होते, म्हणजे १९१९ चा विषमतेचा दोष नव्हता. मात्र त्याला त्रयस्थ न्यायालयाची हमी नव्हती.

राज्यघटनेचे कलम ३० धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देते. तो मूलभूत हक्क असल्याने कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. वचन आणि दाद येथे एकत्र आहेत. कलम ३५०-अ मात्र भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगते. पोलंडच्या कलम ९ ची आठवण व्हावी, इतका हा विचार जवळचा आहे. परंतु ते मूलभूत हक्कांच्या भागात नाही. बेळगावातील मराठी किंवा सोलापुरातील कन्नड कुटुंबाला कलम ३५०-अ च्या आधारे कलम ३२ चा मार्ग खुला होत नाही. राष्ट्रपती निदेश देऊ शकतात आणि कलम ३५०-ब खालील विशेष अधिकारी अहवाल देतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताने १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारला, परंतु वैयक्तिक तक्रारीचा पूरक करार स्वीकारलेला नाही.

समारोप

राष्ट्रसंघाची व्यवस्था वचनात समृद्ध होती, बंधनात पक्षपाती होती आणि दाद देण्यात कंजूष होती. तिच्या जागी आलेली व्यवस्था बंधनात समान आहे, एकट्या व्यक्तीला अधिक वाव देणारी आहे, पण वचनात मोजकी आहे. यांपैकी एकीला अपयश व दुसरीला प्रगती असे नाव देऊन विषय संपवला, तर अपर सायलेशियातील ती चार वर्षे नजरेआड होतात. म्यानमारमधील रोहिंग्यांच्या प्रश्नावर गांबियाने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, ती वंशसंहारविरोधी करारानुसार. म्हणजे नागरिकत्व, शाळा व संचार यांवरील निर्बंधांची दीर्घ वर्षे उलटून गेल्यावर आणि प्रश्न संहारापर्यंत येऊन ठेपल्यावर न्यायालयाचा मार्ग सापडला. त्याआधीच्या टप्प्यांवर दाद मागता येईल अशी जागा निर्माण करणे, हे या कायद्याचे अपुरे राहिलेले काम आहे.

विचारासाठी प्रश्न

१. बर्नहाइम अर्ज यशस्वी होण्यात वचनाचा वाटा मोठा होता की अर्ज करण्याच्या हक्काचा? कारणे द्या.

२. अल्बानियातील शाळांच्या निकालाचा तर्क वापरून, सर्वांना सारखा लागू होणारा पण अल्पसंख्याकांवर अधिक भार टाकणारा एखादा नियम तपासा.

३. लव्हलेस प्रकरण गटाच्या हक्कांच्या विरोधात जाते का? आपले मत मांडा.

४. तुमच्या राज्यातील एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाबाबत या टिपणातील तीन प्रश्नांची उत्तरे शोधा.